मैनाबाईचा मोकळा वावर

अमरावती, ११ सप्टेंबर १९३८

बापूसाहेबांनी शेवटी हो म्हटलं. त्यांच्या 'पूर्णातीर' साप्ताहिकात तिसऱ्या पानावर डावीकडचा अर्धा रकाना माझा. बोलपट, ग्रामोफोनच्या नव्या तबकड्या आणि पोशाखातल्या नव्या चाली यांवर मी माझं मत लिहायचं. सदराचं नाव 'कलाविहार'. ते उद्धवनं सुचवलं. उद्धव हा बापूसाहेबांचा पुतण्या, पुण्यात शिकून आलेला, त्यामुळे छापखान्यात त्याच्या शब्दाला वजन आहे. सगळे मला 'प्रमोदिनीताई' म्हणतात. हा एकटा काहीच म्हणत नाही, नुसतं 'अहो' करून बोलतो. पुण्यात एवढं शिकून साधा शिष्टाचार आला नाही.

बापूसाहेबांनी अटी घातल्याच. खाली माझं नाव नको, 'एक रसिक' असं छापायचं. बोलपटाचं नावही छापायचं नाही, कारण थिएटरवाला जाहिरात देत नाही आणि बापूसाहेब फुकट कुणाचा डंका पिटत नाहीत. आणि शेवटची अट त्यांच्याच शब्दांत लिहून ठेवते: "दिवाळीपर्यंत पाहू. लोकायनं वाचलं तं ठीक. नाई वाचलं, तं मंग सीझन सुरू होते, तिथं मले कापसाचे भाव टाकाचे हायेत."

म्हणजे माझी लढत कापसाशी आहे. वऱ्हाडात कापसाशी लढून कोण जिंकलं आहे ते मला ठाऊक नाही.

नानांना सांगितलं. ते वडील खरे, पण आधी वकील. म्हणाले, "लिही. पण भाषा शुद्ध असू दे. 'मले-तुले' चालायचं नाही." आई म्हणाली, सिनेमे म्हणजे नुसती थेरं, मी असलं काही वाचणार नाही.

१५ सप्टेंबर

पहिला लेख दिला. संतपटावर लिहिला आहे. छापायला असं दिलं: "प्रस्तुत बोलपटात भक्तिरसाचा परिपोष यथातथ्य साधला असून दिग्दर्शकाचे कलात्मक भान स्पृहणीय आहे." उद्धवच्या पुण्याच्या मासिकांतून असे शब्द मी उतरवून काढले आहेत. 'स्पृहणीय' लिहिताना फार बरं वाटलं.

खरं मत इथे लिहिते. संत आकाशात जातात तेव्हा त्यांच्या कमरेची तार मला स्पष्ट दिसली. माझ्या पुढच्या बाईनं त्या तारेलाच हात जोडले. गाणी गोड आहेत, पण गाणारा मरायला टेकला आहे आणि आवाज मात्र नुकतं दूध पिऊन आल्यासारखा. पोलक्यांबद्दल लिहायचं तर हल्ली नायिकांच्या बाह्या फुग्यासारख्या फुगवतात. खांद्यावर दोन फुगे आणि मधे चेहरा. मला आवडतात. पण संतांच्या बायकोलाही तसंच पोलकं घालावं हे जरा जास्त झालं.

हे छापता येत नाही. त्यासाठीच ही वही आहे.

२२ सप्टेंबर

अंक आला. कुणी काही बोललं नाही. संध्याकाळी शेजारच्या माणिकबाईंनी सुपारी पाठवली ती 'कलाविहार'मध्येच बांधून. 'स्पृहणीय'वर चुन्याचा डाग होता.

आईनं मला न विचारता शिंप्याकडे माझ्यासाठी फुग्याच्या बाह्यांचं पोलकं टाकलं होतं. म्हणाली, तुला एवढं आवडतं आहे तर असू दे. ते आज आलं, आणि मला दोन बोटं ढगळ झालं. शिंप्याला डोळे नाहीत. मी परत टाकायला निघाले तर आई म्हणाली, राहू दे, कपाटात ठेव, पुढे अंगाला येईल. मला या वयात आणखी किती वाढायचं आहे ते तिलाच माहीत.

२६ सप्टेंबर, अकोला

दुर्गामावशीकडे आले आहे. निमित्त मावशीच्या गुडघ्याचं, खरं कारण असं की नवा बोलपट अकोल्याला आधी लागला. अमरावतीला यायला अजून पंधरवडा आहे. मावशीचे गुडघे बायकांच्या बाजूच्या जिन्यावर अगदी नीट चालले.

नायिका नवीन आहे. नाव मैनाबाई. तिनं शेतकऱ्याच्या सुनेचं काम केलं आहे. तिला पाहून मी चकित झाले. बाकीच्या नट्या पडद्यावर आल्या की फोटो काढायला उभं केल्यासारख्या ताठ होतात. ही चालते, वळते, पदर खोचते, मडकं उतरवते, आणि कॅमेरा जवळ आहे याची तिला खबरच नाही असं वाटतं. घरातल्या बाईसारखी. मावशी म्हणाली, "ही आपल्या स्वयंपाकघरात आली असती तर मी तिला पीठ मळायला दिलं असतं." याहून मोठी शाबासकी मावशीच्या तोंडून निघत नाही.

गाणी मात्र फार. नायक विहिरीवर येतो, गातो. वाटेत गातो. तुरुंगात जातो, तिथेही गातो, आणि शिपाई त्याला ओरडत नाही. त्याच्या कपाळावर तेल लावून एक झुलूप सोडलं आहे, ते तुरुंगातही हलत नाही. हल्ली अमरावतीतली निम्मी पोरं तसलीच झुलपं सोडून फिरतात. उद्धवनंही सोडलं होतं. मी एकदा हसले, तेव्हापासून नाही.

२९ सप्टेंबर, अमरावती

लेख लिहिला. मैनाबाईचं ते मोकळेपण कसं सांगावं हे सुचेना. 'घरातल्या बाईसारखी' लिहिलं तर उद्धव म्हणाला, असं छापत नाहीत. पुण्यात परीक्षणात 'वावर' म्हणतात. नटीचा वावर, म्हणजे रंगभूमीवर किंवा पडद्यावर तिचं वागणं-फिरणं. शब्द ऐकताक्षणी मला आवडला. मी लगेच लिहिलं:

"मैनाबाईचा वावर मोकळा व प्रसन्न आहे. सध्याच्या काळात असा मोकळा वावर दुर्मिळच म्हणावा लागेल. रसिकांनी विलंब न लावता त्याचा लाभ घ्यावा."

उद्धवनं ते दोनदा वाचलं आणि म्हणाला, "अहो, उत्तम." तो माझं अक्षर बघत होता की मजकूर, कळलं नाही. त्याला अक्षर लागत नसावं.

६ ऑक्टोबर

अंक आला आणि माझं डोकं फिरलं. माझा लेख रकान्यात मावला नाही म्हणून शेवटचा परिच्छेद उचलून शेजारच्या रकान्यात तळाला टाकला आहे. आणि त्या रकान्याचा मथळा काय, तर 'मोर्शी तालुका'. वर लिहिलं आहे की मोर्शीकडे संत्र्यांचा बहार बरा आहे, एका गावी बैल विहिरीत पडला, आणि त्याखाली लगेच माझी मैनाबाई. माझ्या सगळ्यात चांगल्या वाक्याला शेजार बैलाचा. बापूसाहेबांना म्हटलं तर म्हणाले, "जागा होती तिथं टाकलं. वाचणाऱ्याले समजते."

आता दिवाळीपर्यंत दोनच अंक उरले. अजून एकाही वाचकानं माझी आठवण काढलेली नाही.

१० ऑक्टोबर

काढली.

दुपारी मी छापखान्यात मुद्रितं तपासत होते. दारात एक बाई उभी राहिली. पन्नाशीची, उंच, हिरवं लुगडं, हातात घडी घातलेला 'पूर्णातीर'. मोर्शीच्या सर्व्हिस मोटारीनं आली होती. तिच्या मागून फेट्यातला एक गृहस्थ आला आणि दाराशी कागदाच्या गठ्ठ्यावर बसला. दोघं एकाच मोटारीतून आले होते पण एकमेकांकडे बघत नव्हते.

"'एक रसिक' कोन हाय इथं?" बाईनं विचारलं.

मशीन थांबलं. बापूसाहेब म्हणाले, "काय काम हाय, बाई?"

"काम काई नाई. त्याच्या डोक्शावरून वखर फिरवाची हाय."

मग सगळं बाहेर आलं. बाईचं नाव मैनाबाई. मोर्शीजवळ तिची स्वतःची जमीन आहे, नवरा वारल्यापासून ती स्वतःच कसते. गव्हासाठी एक तुकडा तिनं रिकामा राखला होता. लागून खुशालराव पाटलांची जमीन. गठ्ठ्यावर बसलेले गृहस्थ तेच. त्या तुकड्यावर त्यांचा जुना डोळा. गावात चावडीवर अंक वाचला गेला, 'मोर्शी तालुका'पासून खालपर्यंत, आणि दुसऱ्या दिवशी उजाडताच खुशालराव बैल आणि वखर घेऊन तिच्या रानात शिरले.

कारण इकडे वावर म्हणजे शेत. अमरावतीत जन्म घालवून हे मला सुचू नये.

"अर्धं वावर वखरून टाकलं यानं," मैनाबाई म्हणाली. "म्या म्हटलं, काहून बा? तं म्हणते, पेपरात आलं हाय. माह्यं वावर मोकळं हाय हे तुमाले कोनं सांगतलं?"

खुशालराव शांतपणे म्हणाले, "आमी बी शिकेल हाओ. साफ लिवलं हाय, रसिकांनी विलंब न लावता लाभ घ्यावा. म्या विलंब नाई लावला. रसिक म्हंजे गरजूच ना जी?"

कंपोझिटर नत्थुजी छपाईच्या खिळ्यांच्या पेटीमागे खाली बसून हसत होता. बापूसाहेबांनी समजावलं की ही मैनाबाई वेगळी, सिनेमातली, आणि तिचा वावर म्हणजे तिचं काम. मैनाबाईनं अंक त्यांच्यापुढे धरला.

"मंग सिनेमाचं नाव कुठं हाय यात?"

सगळ्यांनी बापूसाहेबांकडे पाहिलं. बापूसाहेबांनी चष्मा काढून धोतराच्या टोकानं पुसायला घेतला.

मी पुढे होऊन म्हटलं, "मैनाबाई, ते मी लिहिलं आहे. चूक माझी." ती माझ्याकडे बघतच राहिली. बहुधा तिला दाढीवाला कुणी हवा होता.

"तू? मंग दाखव मले ते मैना. माह्या डोयानं पाहीन. नसली, तं कोर्टात जाईन."

बापूसाहेबांनी मला आतल्या खोलीत बोलावलं. ते रागावले की आवाज खाली नेतात. "हे बाई समाधानानं मोर्शीले गेली, तं तुह्यं सदर दिवाळीपर्यंत चालन. नाई गेली, तं हे सदर इथंच खलास. अन् नंतर मले मागाले येऊ नको."

११ ऑक्टोबर

सकाळी छापखान्यात गेले तर नत्थुजीनं सांगितलं की काल माझ्यामागे उद्धवनं बापूसाहेबांपुढे उभं राहून सांगितलं, ते वाक्य तिचं नाही, मी घातलं. बापूसाहेबांनी त्याला फैलावर घेतलं. मला संताप आला. वाक्य माझं, आणि हा स्वतःच्या नावावर खपवतो. मी तसं त्याला तोंडावर विचारलं. तो लाल झाला आणि म्हणाला, "अहो, तसं नव्हे." मग कसं, ते न सांगताच मशीनकडे वळला. मी त्याच्याशी दिवसभर बोलले नाही.

बोलपट परवा इथे लागतो आहे. मैनाबाई इथे बहिणीच्या घरी उतरली आहे. खुशालरावही थांबले आहेत. त्यांनाही मैना पाहायची आहे.

मला धास्ती वाटते. दोनच लेख छापून आले आहेत, पण छापखान्याच्या वासाची सवय झाली आहे. ते गेलं तर मी पुन्हा आईला लोणच्याच्या बरण्या उतरवून देणारी होईन. हे मोठ्यानं बोलायला मला माणूस नाही.

१३ ऑक्टोबर

जाऊन आलो. मी आणि मैनाबाई बायकांच्या बाजूला. आई सोबत आली, तरुण मुलीला एकटं पाठवणं बरं नाही म्हणून. तिनं ते ढगळ पोलकं घातलं होतं. म्हणाली, उगाच पडून राहिलं असतं, कपडा फुकट जातो. तिला ते अगदी मापात बसलं. शिंप्याची चूक अशी कामी आली.

तिकडे पुरुषांत खुशालराव आणि उद्धव.

मैनाबाईनं बोलपट पहिल्यांदाच पाहिला. दिवे गेले तेव्हा तिनं माझं मनगट धरलं ते मध्यंतरापर्यंत सोडलं नाही. पडद्यावर नाव आलं तशी मी वाचून दाखवलं, मैनाबाई. तिनं मान हलवली आणि म्हणाली, "बरं. हाय." मला वाटलं, सुटले. पण खरी परीक्षा पुढेच होती.

नटी कापसाच्या शेतातून गात निघाली. मैनाबाई मोठ्यानं म्हणाली, "पराटी कमरेइतकी हाय, अन् इच्या लुगड्याले एक बोंड नाई अटकलं." मागच्या बायका हसल्या. मी म्हटलं, हळू. ती म्हणाली, "मी हळूच बोलून राहिली."

नायक विहिरीवर गायला लागला तेव्हा मी पुटपुटले की हे तिसरं गाणं. तिनं माझ्या मनगटाला हिसका दिला. "चूप बस, पोट्टे. गाऊ दे त्याले."

"अहो, पण कुणी विहिरीवर एवढा वेळ गातं का?"

"आमी गातो. तुह्या घरी नळ हाय."

तरी माझं मत बदललेलं नाही. तीन गाणी जास्त आहेत. तिलाही पटवू शकले नाही. उलट पुरुषाचा आवाज पडद्यामागून येतो, तिथे कुणीतरी पेटी घेऊन बसला आहे असं तिचं म्हणणं. मी सांगितलं की आवाज फितीवरच असतो. ती म्हणाली, तुले फसवून राहिले.

शेवटी सून घर सोडून निघते. मला तो प्रसंग खोटा वाटला. एवढं रडूनही तिचं काजळ पुसलं जात नाही. शेजारी पाहिलं तर मैनाबाईच्या डोळ्यांना धार लागली होती. बाहेर आल्यावर मी काजळाचं सांगितलं. ती म्हणाली, "ते म्या बी पाह्यलं. पन रडू आलं ते आलं. तुले काहून नाई आलं, ते पाह्य."

टांग्यात आम्ही भांडत भांडतच आलो. दोघींचे आवाज चढले. मैनाबाईला त्या फुग्याच्या बाह्या अजिबात आवडल्या नाहीत. म्हणाली, हात वर केला का अडकन. मी म्हटलं, दिसायला छान आहेत. ती म्हणाली, दिसाले कनीस बी छान असते, तेले कोनी अंगात घालत नाई. आई एरवी अशा वेळी मला दटावते, पण आज तिनं फक्त बाह्या नीट केल्या. ती तोंडातल्या तोंडात काहीतरी गुणगुणत होती. विचारलं तर म्हणाली, रामरक्षा. रामरक्षेला अशी चाल मी पहिल्यांदाच ऐकली.

उतरताना मैनाबाई म्हणाली, "मैना हाय. मानलं. आता पेपरात लिव, का माह्यं वावर मोकळं नाई. ते लिवल्याशिवाय मी मोर्शीले जात नाई."

१४ ऑक्टोबर

खुलासा लिहायला बसले. मैनाबाई समोर कागदाच्या गठ्ठ्यावर बसली होती, हात गुडघ्यावर. खुशालराव दाराशी. मी वाचून दाखवलं: "मागील एका अंकी प्रसिद्ध झालेल्या परीक्षणातील 'वावर' या शब्दाच्या अर्थाविषयी काही वाचकांचा गैरसमज झाल्याचे निदर्शनास आले आहे."

"गैरसमज कोनाचा?" ती म्हणाली. "समज बराबर हाय. वावर म्हंजे वावर. लिवनं तुह्यं चुकलं."

खोडलं. दुसऱ्यांदा लिहिलं, "सदर शब्द अभिनयाच्या संदर्भात योजला होता." तिनं खुशालरावांना विचारलं, समजलं का? खुशालराव म्हणाले, "अभिनय कोनाचं वावर हाय?" तेही खोडलं. 'निवेदन', 'तद्विषयक', 'स्पृहणीय', सगळी गेली. प्रत्येक शब्द गेला की मला दात काढल्यासारखं व्हायचं. उद्धव बाजूला उभा होता, तो एका शब्दालाही मदतीला आला नाही. शेवटी चिडून मी लेखणी ठेवली आणि म्हटलं, मग काय लिहू? आपण दोघी सिनेमाला गेलो आणि भांडलो, हे लिहू?

"मंग तेच झालं ना?" ती म्हणाली.

तेच लिहिलं. सरळ. की मी अमुक नटीबद्दल लिहिताना तिचा वावर मोकळा आहे असं लिहिलं, तो पुण्याकडचा शब्द, आपल्याकडे त्याचा अर्थ काय ते मी विसरले, आणि त्यामुळे मोर्शीजवळच्या मैनाबाईंचं अर्धं शेत वखरलं गेलं. ते मोकळं नाही, तिथे गहू पेरायचा आहे. मग आम्ही दोघींनी तो बोलपट पाहिला. गाणी किती हवीत, काजळ पुसावं की नाही, बाह्या फुगवाव्यात का, आवाज पडद्यामागून येतो का, यावर त्या काय म्हणाल्या आणि मी काय म्हणाले. त्यांचं बोलणं त्यांच्याच बोलीत, कारण शुद्ध करून वाचलं तेव्हा ती म्हणाली, "हे मी नाई बोलली. हे कोन्या मास्तराची बाई हाय."

शेवटी तिनं एक ओळ वाढवायला लावली. खुशालरावांनी अर्धं वखरलं आहे, तर उरलेलं अर्धंही त्यांनीच वखरून द्यावं. खुशालरावांनी फेटा काढला, डोकं खाजवलं, आणि म्हणाले, "पेपरात आलं तं करा लागन."

"खाली नाव कोनाचं?" मैनाबाईनं विचारलं.

मी म्हटलं, 'एक रसिक'.

"रसिक नाई चालत. रसिक तं हा खुशालराव बी झाला होता."

बापूसाहेबांनी 'एक रसिक'वर स्वतःच काट मारली. मग म्हणाले, टाक तुह्यं नाव. अन् सिनेमाचं बी टाक. पुन्हा माह्याकडं वखर नको.

मैनाबाई संध्याकाळच्या मोटारीनं गेली. जाताना माझ्या गालावर चापट मारली, जोरात.

२० ऑक्टोबर

दिवाळीचा अंक. 'कु. प्रमोदिनी' छापून आलं आहे. एवढ्या वर्षांत मी माझं नाव इतकं काळं कधी पाहिलं नव्हतं. पण वर जे आहे त्याची मला लाज वाटते. 'तं', 'काहून', 'पोट्टे', बोंडं, विहिरी. पुण्यात कुणी पाहिलं तर म्हणतील वऱ्हाडात लेखणी द्यायला माणसं उरली नाहीत. नाना जेवताना म्हणाले, मी ते वाचलेलं नाही, आणि पुढे म्हणाले, कणसाच्या उपमेनंतर स्वल्पविराम हवा होता. घरात कुणीतरी त्यांना वाचून दाखवलं असणार.

उद्धव म्हणाला, "अहो, हे तुम्ही लिहिलेलं सगळ्यात चांगलं आहे." मी म्हटलं, टिंगल नको. तो म्हणाला, मी पुण्यातली मासिकं रद्दीत दिली. कशासाठी, विचारलं तर मुद्रितं चाळायला लागला. रद्दीचा भाव चढला असेल.

दिवाळीनंतरच्या अंकासाठी मी लेख देऊन ठेवला आहे, दोन वेण्यांची फॅशन आणि एका नव्या तबकडीवर. ती बाई नाकात गाते, तरी पुन्हा पुन्हा ऐकावंसं का वाटतं, असा. तो माझ्याकडून आपोआपच मैनाबाईला सांगावा तसा लिहिला गेला. आता तसंच येतं, काय करणार. बापूसाहेबांनी घेतला आणि चष्म्याच्या डबीखाली ठेवून दिला.

२७ ऑक्टोबर

संपलं. अंक आला, तिसरं पान उघडलं. डावीकडच्या रकान्यात वरपासून खालपर्यंत कापसाचे भाव. अमरावती, अकोला, मोर्शी, परतवाडा.

अंक फेकला. छापखान्यात गेले नाही. बापूसाहेबांना विचारणारही नाही, त्यांनी आधीच सांगून ठेवलं होतं. मी रडले, आणि माझं काजळ चांगलं पुसलं गेलं.

२९ ऑक्टोबर

आज घडलं ते नीट लिहिते.

आईबरोबर टांग्यानं कापूस बाजाराकडून येत होते. सीझन सुरू झाला आहे, गाड्यांची रांग रस्त्यापर्यंत लागली होती, त्यामुळे टांगा अडकला. रांगेतल्या एका गाडीवर एक माणूस उभा राहून 'पूर्णातीर' मोठ्यानं वाचत होता, आणि खाली गाडीवान, हमाल, दलाल असा घोळका. मला वाटलं, भाव ऐकताहेत. मी तोंड फिरवलं.

मग ऐकू आलं, "ते बाई नाकात गाते, हे खरं. पन कोनाले सर्दी झाली तं आपन त्याले घराबाहेर काढतो का?"

ते वाक्य माझं आहे. घोळका हसला. जिथे हसावं असं मला वाटलं होतं, बरोबर तिथे.

मी आईला म्हटलं, "हे कुठलं वाचतो आहे तो?"

आई म्हणाली, "शेवटच्या पानावर आहे ना. आता पूर्ण पान दिलंय तुला. मी परवाच वाचलं." आणि लगेच रस्त्याकडे बघायला लागली. "मला वाटलं तुला माहीत आहे."

मी टांग्यातून बाहेर वाकले.  तेवढ्यात खालच्या घोळक्यातून एक जाड मिशांचा माणूस ओरडला, "खोटं लिवलं हाय. म्या ते तबकडी ऐकली. ते बाई नाकात गातच नाई. हे प्रमोदिनी कोन हाय? तिले कान हायेत का नाई?"

दुसरा म्हणाला, तिचे कान बराबर हायेत, तुह्या घरचा फोनोच फुटका हाय. लगेच दोन तट पडले. एकानं तर गाऊनही दाखवलं. मागच्या गाड्या ओरडायला लागल्या, रस्ता मोकळा झाला, टांगेवाल्यानं लगाम उचलला.

मी म्हटलं, "थांबा."

उतरले. घोळक्यात शिरले आणि त्या मिशांच्या माणसाला म्हटलं, "प्रमोदिनी मीच आहे. काहून खोटं? तुमी कोन्ता अंतरा ऐकला ते सांगा आधी." आयुष्यात पहिल्यांदा चारचौघांत 'काहून' म्हटलं. कुणाला विशेष वाटलं नाही. वाचणाऱ्यानं गाडीवरून हात देऊन मला सरकीच्या पोत्यावर बसायला जागा करून दिली. मागून आईचा आवाज आला, "अगं, दुसऱ्या अंतऱ्याचं सांग त्यांना, तिथे ती फारच नाकात जाते." मी वळून पाहिलं तर आईही उतरली होती.

भांडण मिटलं नाही. घसा बसला आहे. त्या मिशांच्या माणसानं मला पुढच्या बाजाराला बोलावलं आहे. तो तबकडी घेऊन येणार आहे.